स्थलांतरितांची मुले आणि स्वयंसेवकांचे वर्ग



२०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ कोटी लोक पूर्वीचे वास्तव्याचे ठिकाण सोडून अन्यत्र राहत होते. यात विवाहामुळे गाव बदललेल्या स्त्रियांचा वाटा मोठा आहे. परंतु वीटभट्टी, ऊसतोडणी वा बांधकामासाठी काही महिन्यांपुरती बाहेर पडणारी कुटुंबे या गणनेत नीटशी सापडतही नाहीत. त्यांच्या मुलांचे शिक्षण हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर सोपवली. शाळा सोडल्याच्या दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याचीही त्यात तरतूद आहे.

तथापि पटावर नाव आले म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे. बालंगीरहून तेलंगणातील भट्टीवर आलेल्या मुलाची भाषा उडिया, शाळेची तेलुगू. गणित येत असूनही प्रश्नच न समजल्याने ते 'कच्चे' ठरते. आई-वडील पहाटेपासून कामावर. धाकट्या भावंडाला सांभाळणेही त्याच्याकडेच. अशा वेळी वस्तीत संध्याकाळी दोन तास भरणारा वर्ग शाळेइतकाच मोलाचा ठरतो.

असे प्रयत्न नवे नाहीत. १९६९ मध्ये दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी 'मोबाईल क्रेशेस'चे काम सुरू झाले. १९८८ पासून मुंबईत आणि पुढे पुण्यात 'डोअर स्टेप स्कूल'ने वर्ग वस्तीच्या दारात नेले. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात २०१७ मध्ये आरंभलेल्या 'रोशनी' प्रकल्पात मुलांच्या भाषा जाणणाऱ्या शिक्षण-स्वयंसेवकांनी त्यांच्याच बोलीचा आधार घेऊन त्यांना मल्याळमकडे नेले. मातृभाषा ही अडचण नसून शिडी आहे, हे यातून स्पष्ट होते.

मात्र केवळ सद्भावना पुरेशी नाही. मुंबई व वडोदरा येथील 'प्रथम'च्या बालसखी उपक्रमाचा २००१ नंतर अभ्यास झाला. हा उपक्रम केवळ स्थलांतरितांसाठी नव्हता. अल्प मानधनावरील स्थानिक तरुणींनी मागे पडलेल्या मुलांचे मूलभूत वाचन-गणित लक्षणीय सुधारले. परंतु उपक्रम संपल्यानंतर वर्षभरात त्या लाभाचा बराच भाग ओसरला. परीक्षा आल्या की महाविद्यालयीन स्वयंसेवक दिसेनासे होतात, तेव्हाही हेच घडते. ज्या मुलाचे घर वर्षातून दोनदा बदलते, त्याचा शिक्षकही वारंवार बदलला तर विश्वास कोठे रुजणार?

म्हणून काही गोष्टी आवश्यक ठरतात. प्रत्येक वर्गाला दोन स्वयंसेवक असावेत, म्हणजे एक नसताना वर्ग बंद पडणार नाही. मुलाने काय शिकले, याची साधी नोंदवही त्याच्याबरोबर पुढच्या गावी जावी. त्याची भाषा बोलणारी वस्तीतील एखादी शिकलेली मुलगी वर्गाशी जोडली जावी. आणि वर्गाचे शाळेशी नियमित बोलणे असावे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने स्वयंसेवकांच्या सहभागाला स्थान दिले आहे. पण स्वयंसेवक हा शिक्षकाला पर्याय नव्हे. शिक्षणाचा हक्क देणे हे शासनाचेच दायित्व आहे. त्या हक्कापर्यंत मुलाला बोट धरून नेणे, एवढे समाजाला निश्चितच करता येईल.