‘आमचा’ की ‘आपला’?

नाशिकच्या शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. एकोणिसाव्या शतकात इंग्रज मिशनऱ्यांनी ख्रिस्ती झालेल्यांसाठी वसवलेल्या शरणपूरचं नाव या रस्त्याला मिळालं. घरातून, जातीतून बाहेर पडलेल्या त्या माणसांना मराठीतल्या दोन साध्या शब्दांची धार चांगलीच कळली असणार: ‘आमचा’ आणि ‘आपला’.

बायबलचा नवा करार ग्रीकमध्ये लिहिला गेला. त्यात या दोन्हींसाठी एकच शब्द आहे, ‘हेमोन’. एका पाद्रीमित्राकडून मी थोडंफार ग्रीक शिकलो, तेव्हा हा शब्द भेटला. तो बहुधा नामाच्या मागून येतो, ‘पिता आमचा’ असा. आणि आमचा-आमची-आमचंसारखा लिंगाप्रमाणे बदलत नाही. पण ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, हे तो सांगत नाही. आमच्या घरच्या उर्दूतलं ‘हमारा’ही तसंच. मराठीत मात्र ठरवावंच लागतं. म्हणून मराठी बायबलात देवालाच हाक मारताना ‘आमच्या’ पित्या असं येतं. पौलाच्या पत्रांत तोच देव, वाचणाऱ्यांना धरून, ‘आपला’ पिता होतो. ग्रीक शब्द दोन्हीकडे तोच.

इथवर सोपं आहे. योहानाच्या चौथ्या अध्यायात मात्र पंचाईत होते. एक शोमरोनी बाई विहिरीवर पाणी भरायला आली आहे. येशू यहुदी, तो तिच्याकडे पाणी मागतो. या दोन समाजांचं आपसात पटत नाही. ती विचारते, ही विहीर देणाऱ्या बाप याकोबाहून तू मोठा आहेस का? बापाला लागलेला शब्द पुन्हा ‘हेमोन’. याकोबाला दोन्ही समाज पूर्वज मानतात. मग ‘आमचा’ लिहिलं तर ती समोरच्याला वंशाबाहेर काढते. ‘आपला’ लिहिलं तर पाण्याआधी नातंच पुढं करते. थोडं पुढं, पूर्वजांच्या डोंगराविषयी बोलताना, ती ‘तुम्ही’ यरुशलेमचं नाव घेता म्हणते. तिथं ‘आमचे’च हवं. विहिरीच्या वाक्यात ग्रीक गप्प आहे. 1811 साली बंगालमधल्या श्रीरामपुरात मराठी नवा करार छापला गेला. पुढं केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. या वाक्याशी प्रत्येकाला निवड करावी लागलीच असेल.

तरुणपणी मी भाड्यानं खोली शोधत होतो. एका ठिकाणी बोलणी झाली, चहाही झाला, मग घरमालकांनी नाव विचारलं. म्हणाले, ‘आपल्यातल्यांनाच द्यायची आहे हो.’ व्याकरणानं त्या ‘आपल्या’त समोर बसलेला मी यायला हवा होतो!

याकोबाला आम्ही याकूब म्हणतो. कुराणात तो पैगंबर आहे. त्या बाईचं वाक्य माझ्याकडे आलं तर मी ‘आपला’ लिहीन. पाद्रीमित्र म्हणतात, ‘तू मोठा का’ या टोमण्याला ‘आमचा’च शोभतो. असेलही. पण पाणी मागणाऱ्याला ती हाकलून देत नाही, बोलत राहते. मला तेवढा आधार पुरतो.