परदेशातला जोडीदार निवडताना
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बैल घ्यायला आपण बाजारात जातो तेव्हा दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. घरी एक बैल असेल तर त्याच्या बरोबरीचा दुसरा शोधतो. एक उंच आणि एक बुटका असा जोड जुंपला तर जू एका अंगाला कलते, खांदे सोलतात आणि तास वाकडे पडते. बैल दिसायला कितीही देखणा असो, जोड जमला नाही तर तो आपल्या कामाचा नाही.

आजचा विषय अशाच एका जोडीचा आहे. आपले शहर किंवा गाव परदेशातल्या एखाद्या शहराशी किंवा गावाशी जोडायचे असेल, तर तो जोडीदार कसा निवडावा? हा विषय महापालिकेचा, त्यात शेतकऱ्याचे काय, असे तुम्हाला वाटेल. मागे एका बैठकीत मी या विषयावर बोललो तेव्हा सिल्लोडकडच्या एका वडीलधाऱ्या शेतकऱ्यांनी मला विचारले, "सर, लेण्याला लेणी जुळली, ते बरं झालं. पण आमच्या विहिरीला विहीर कुठं जुळते का, ते बघा की." त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

जुळ्या शहरांची कल्पना

दुसऱ्या महायुद्धात १९४० साली इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री हे शहर बॉम्बहल्ल्यात बेचिराख झाले. दोन वर्षांनी रशियातील स्टालिनग्राडची तीच गत झाली. १९४४ साली या दोन शहरांनी आपसांत नाते जोडले. एकमेकांची भाषा त्यांना येत नव्हती, व्यापारही नव्हता. पण जखम सारखी होती. शहरे जुळवण्याच्या आजच्या प्रथेची सुरुवात पुष्कळ जण येथूनच मानतात.

पुढे ही प्रथा जगभर पसरली. आपल्याकडे मुंबई १९६५ साली जपानमधील योकोहामाशी आणि १९६८ साली जर्मनीतील स्टुटगार्टशी जोडली गेली. पुण्याचे नाते १९९२ साली अमेरिकेतील सॅन होजेशी जुळले. यातून बागा झाल्या, विद्यार्थी गेले-आले. पण काही ठिकाणी शाल, श्रीफळ, छायाचित्र आणि कपाटातला करारनामा एवढेच उरते, हेही खरे आहे. असे का होते? जोडीदार पाहताना त्याची श्रीमंती व कीर्ती पाहिली जाते, दुखणे पाहिले जात नाही, म्हणून.

आपल्या शहराचा जोडीदार

मे २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या चीन दौऱ्यात काही करार झाले. त्यात आपले शहर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि चीनच्या गान्सू प्रांतातील डुनहुआंग यांना भगिनी शहरे म्हणून जोडण्यात आले. डुनहुआंगजवळ मोगाओची बौद्ध लेणी आहेत. इ. स. ३६६ पासून ती कोरली गेली असे मानतात. चित्रे असलेल्या लेण्यांची संख्या ४९२ आहे. आपल्याकडे अजिंठा आणि वेरूळ. तेव्हा हा जोड लेण्यांवरून जमला हे उघड आहे, आणि त्यात काही वावगे नाही.

परंतु एक कृषिविद्येचा शिक्षक म्हणून मी डुनहुआंगची माहिती वाचू लागलो, तेव्हा लेण्यांपेक्षा तिथल्या पाण्याने माझे लक्ष वेधून घेतले. हे शहर वाळवंटातील एक हिरवा तुकडा आहे. वर्षाचा पाऊस सुमारे ४० मिलिमीटर. आपला सरासरी पाऊस त्याच्या पंधरा-सोळा पटींहून अधिक आहे, तरी आपण टँकर मागतो! तिथली शेती दांग नदीच्या पाण्यावर आणि विहिरींवर चालते. नदीला पाणी येते ते डोंगरावरील बर्फ वितळून. पिके कोणती? कापूस, द्राक्षे, खरबूज, जर्दाळू.

शहराला लागून वाळूच्या टेकड्यांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराचे एक तळे आहे. १९६० च्या सुमारास ते सरासरी चार-पाच मीटर खोल होते. नंतर नदीवर धरण झाले, लागवडीखालील जमीन वाढली, विहिरी वाढल्या, भूजल खाली गेले. १९९० च्या दशकात तळ्यात जेमतेम मीटरभर पाणी उरले. पुढे बाहेरून पाणी मुरवून ते तळे वाचवावे लागले. तिथल्या प्रशासनाने तीन गोष्टींना मनाई केली: नवी विहीर खोदायची नाही, नवी जमीन वहितीखाली आणायची नाही, बाहेरून नवी वस्ती आणायची नाही.

बंधूंनो, ही गोष्ट परकी वाटते का? २०१२ च्या दुष्काळात आपल्या आणि जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. पंधरा-वीस वर्षे जपलेली झाडे लोकांनी स्वतःच्या हाताने तोडून सरपणाला दिली. शेजाऱ्याने बोअर दोनशे फूट नेले की आपण तीनशे न्यायचे, ही शर्यत आपणही खेळलो आहोत. तेव्हा विहिरीला विहीर जुळते का, या प्रश्नाचे उत्तर असे की जुळते. आणि ती नेमकी तिथेच जुळते, जिथे लेणी जुळली आहेत. फक्त त्या बाजूने कोणी पाहिले नाही.

जोडीदार तपासण्याच्या पाच कसोट्या

नव्या वाणाची निवड आपण पिशवीवरचे चित्र पाहून करत नाही. आपली जमीन, आपले पाणी, आपली कीड यांना ते वाण मानवते का, ते पाहतो. जोडीदारही तसाच पारखावा.

१) दुखणे सारखे असावे. पाणी, जमीन, बाजारभाव, शेती सोडून जाणारी तरुण मुले, यांपैकी निदान एक प्रश्न दोघांचा असावा. सुखी माणूस सल्ला देतो, समदुःखी माणूस अनुभव सांगतो.

२) देणे-घेणे दोन्ही बाजूंनी असावे. ज्याच्याकडून फक्त घ्यायचे, तो जोडीदार नव्हे, दाता होय. डुनहुआंगला थंडी इतकी कडक असते की हिवाळ्यात द्राक्षाच्या वेली मातीत पुरून ठेवतात. त्यांचे पीक वर्षातून एकदाच. आपण एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करून वेलीला आपल्या हवामानात वळवले आहे. त्यांनी आपल्याकडून छाटणी आणि शेततळे पाहावे, आपण त्यांच्याकडून पाण्याची मर्यादा गावाने कशी पाळायची ते पाहावे.

३) आकार बरोबरीचा असावा. महानगराशी खेड्याची जोडी जुंपू नये. तालुक्याला तालुक्याएवढा, गावाला गावाएवढा जोडीदार पाहावा.

४) हंगाम जमावा. आपली द्राक्षे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतात, त्यांची उन्हाळ्याच्या अखेरीस व शरदात. डिसेंबर-जानेवारीत त्यांच्या वेली मातीखाली असतात, म्हणजे माणसे मोकळी असतात. त्या वेळी त्यांनी यावे. दोघांचीही सुगी एकाच महिन्यात असेल तर कोण कोणाकडे जाणार?

५) नाते एका धाग्यावर टांगलेले नसावे. २०२० मध्ये सीमेवर तणाव झाला आणि दोन्ही देशांतील जाणे-येणे थंडावले. विमाने बंद होती ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. राजकारणाचा वारा आपल्या हातात नाही. म्हणून शाळा, महाविद्यालय, संशोधन केंद्र असा टिकाऊ दुवा दोन्हीकडे असावा, आणि जमल्यास दुसरा जोडीदारही पाहून ठेवावा.

दुसरे स्थळ: जपानचे वाकायामा

दुसरे स्थळ फार लांब शोधावे लागत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये महाराष्ट्र शासन व जपानमधील वाकायामा प्रांत यांच्यात सामंजस्य करार झाला. पर्यटन व अन्नप्रक्रिया हे त्यातील विषय. याच प्रांतातील कोयासान येथे २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. वाकायामा हा संत्रावर्गीय फळांचा मुलूख आहे. तिथे पाऊस भरपूर, म्हणजे पाण्याचे दुखणे आपल्या उलट. आपण बहार धरण्यासाठी झाडाला ताण देतो. त्यांच्याकडे पाऊस मुळांशी जाऊ नये आणि फळात गोडी भरावी म्हणून झाडाखाली पांढरे आच्छादन अंथरतात. ताणाचे शास्त्र तेच, उपयोग वेगळा.

पण मला महत्त्वाचे वाटते ते तेथील मिनाबे गाव. डोंगरउतारावर उमे नावाचे आंबट फळ पिकवणारे हे गाव. १९५० च्या दशकात तेथील शेतीच्या शाळेतील शिक्षक व विद्यार्थी यांच्या मदतीने गावातल्या झाडांची पाहणी झाली आणि उत्तम झाड निवडले गेले. 'नान्को' नावाने ते वाण १९६५ साली नोंदले गेले. त्या नावात त्या शाळेचेही नाव गुंफले आहे. आणि तिथला शेतकरी सर्व फळ कच्चे बाजारात ओतत नाही. मिठात मुरवून, उन्हात वाळवून, पहिली प्रक्रिया घरीच करून मग विकतो. आपल्या मोसंबीचे भाव पडतात तेव्हा आपल्यापाशी व्यापाऱ्याची वाट पाहण्याखेरीज काय असते? 'जालना मोसंबी'ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण फळ अजून कच्चेच विकले जाते. हे दुखणे मिनाबेला दाखवण्यासारखे आहे.

घराजवळचा दाखला

परदेशाशी नाते जोडून गावाचे खरेच काही होते का, असे कोणी विचारले तर मी जालना तालुक्यातील कडवंचीचे नाव घेतो. १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात तिथे काम सुरू झाले. पैसा जर्मनीतून नाबार्डमार्फत आला. पण त्या कार्यक्रमाच्या अटी कडक होत्या: आधी श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. माथ्यापासून पायथ्यापर्यंत माती आणि पाणी अडवले गेले. त्यामागून शेततळी आली, द्राक्षे आली. २०१२ च्या दुष्काळात त्या शेततळ्यांनी बागा तारल्या. पैसा परदेशाचा होता, घाम गावाचा होता. गावाने स्वतः काही घातले, म्हणून ते काम टिकले.

एक धोक्याची सूचना

पाहुणे म्हणून गेलात तर पिशवीत कलम, डोळा, बी किंवा माती घालून आणू नका. मोह होतो, पण तो आवरा. मोसंबीच्या बागा खाणारा ग्रीनिंग रोग सिट्रस सिला या किडीमार्फत व रोगट कलमांतून पसरतो. २०१८ साली अमेरिकेकडील लष्करी अळी आपल्या देशात दिसली आणि मक्याचे काय झाले ते सिल्लोड-कन्नडच्या शेतकऱ्यांना सांगायला नको. वाण आणायचे असेल तर ते संशोधन संस्थेमार्फत, विलगीकरणाचे नियम पाळूनच आणावे. ज्ञान मात्र कितीही आणावे, त्याला जकात नाही.

आता काय करावे?

परदेशी शहराशी करार करण्यास केंद्र शासनाची संमती लागते. ते काम गावाचे नव्हे. पण जोडीदार कसा हवा, हे सांगणे गावाचेच काम आहे. पुढील मेळाव्यास येताना प्रत्येक गटाने एका कागदावर चार गोष्टी लिहून आणाव्यात:

१) आमचे सर्वांत मोठे दुखणे कोणते?
२) आम्ही दुसऱ्याला काय शिकवू शकतो?
३) वर्षातील कोणते दोन महिने आम्ही मोकळे असतो?
४) आमच्या गावातील कोणती शाळा किंवा कोणता तरुण पत्रव्यवहार सांभाळील?

हे कागद एकत्र करून विद्यापीठामार्फत पुढे देता येतील. प्रारंभी दोन वर्षे केवळ पत्रे, छायाचित्रे व पीकनोंदी यांची देवघेव करावी. नवे वाण आपण आधी दोन गुंठ्यांत लावून पाहतो, तसेच हे. उगवण चांगली दिसली तर क्षेत्र वाढवावे. नाही दिसली तर दोन गुंठेच गेले.

दुसऱ्या कसोटीचा कागद सर्वांत अवघड जाईल. आम्हाला काय येते, हे आपल्याला कोणी विचारलेलेच नसते. तरी तो कोरा आणू नका. कोरडवाहू जमिनीत, बेभरवशाच्या पावसावर ज्याने संसार चालवला, त्याच्यापाशी शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. त्या सिल्लोडच्या वडीलधाऱ्यांनी आपल्या विहिरीची पाणीपातळी गेली कित्येक वर्षे दर अमावास्येला वहीत टिपून ठेवली आहे. डुनहुआंगला पाठवायचा पहिला कागद म्हणून मी ती वही मागून घेतली आहे.