पॉज दाबा, पेन्सिल उचला

विज्ञान शाखेच्या स्नातकांनो,

तुमच्यापैकी काही जण एम.एस्सी.ला जातील, काही स्पर्धा परीक्षांच्या मागे लागतील, काहींना घरच्या परिस्थितीमुळे लगेच नोकरी धरावी लागेल. भौतिकशास्त्र मात्र कुणाचंच सुटायचं कारण नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ मध्ये आपलं अभ्याससाहित्य इंटरनेटवर फुकट ठेवायचं जाहीर केलं. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने मिळून तसाच एनपीटेल हा उपक्रम उभा केला. आयआयटी मद्रासचे प्रा. व्ही. बालकृष्णन यांची पुंजभौतिकीवरची व्याख्यानं चेन्नईत जशी दिसतात तशीच गडचिरोलीतही दिसतात. खडू, फळा आणि माणूस, बाकी कसला तामझाम नाही. मला ती मनापासून आवडतात.

तरीही माझी एक तक्रार आहे, आणि ती बघणाऱ्यांबद्दल आहे.

एमआयटीतल्या वॉल्टर लेविन यांचा १९९९ मध्ये चित्रित झालेला लंबकाचा प्रयोग तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. पाच मीटरांहून थोडी लांब तार, टोकाला १५ किलोंचा गोळा. दहा आंदोलनांना सुमारे ४५.७ सेकंद लागतील, हे गणित आधी फळ्यावर होतं. मोजताना किती चूक होऊ शकते तेही लिहिलं जातं. शेवटी लेविन स्वतःच त्या गोळ्यावर चढून झोके घेतात. वेळ जवळपास तेवढाच. वर्गात टाळ्या पडतात, घरी आपणही मान डोलावतो. वस्तुमानाचा संबंध नाही, कळलं!

खरंच कळलं? मग सांगा, ते गोळ्यावर ताठ का बसले नाहीत, अंग आडवं का धरलं? इथे व्हिडिओ थांबवायचा आणि कागद घ्यायचा. ताठ बसलं की गुरुत्वमध्य वर सरकतो, लंबकाची लांबी तेवढी कमी होते. साधं सूत्र वापरून लांबी पाव मीटरने कमी धरा. दहा आंदोलनांत एका सेकंदाहून थोडा जास्त फरक निघतो. घड्याळाला तो सहज दिसला असता आणि प्रयोग फसला असता. ही मजा टाळ्या वाजवणाऱ्याला मिळत नाही.

(याच लेविन यांनी एका ऑनलाइन विद्यार्थिनीचा लैंगिक छळ केल्याचं चौकशीत आढळलं, तेव्हा २०१४ मध्ये एमआयटीने त्यांचं सन्माननीय प्राध्यापकपद काढलं आणि ही व्याख्यानं आपल्या संकेतस्थळावरून हटवली. ते योग्यच झालं. पडद्यावरच्या मास्तरांना देव्हाऱ्यात बसवू नका.)

विद्यापीठांनी व्याख्यानांबरोबर गृहपाठाची गणितंही फुकट दिली आहेत. ती उघडणारे फार थोडे. दीडपट वेगाने चाळीस व्याख्यानं ‘संपवलेली’ मुलं मला भेटतात. घसरणीवरच्या ठोकळ्यावरची बलं काढायला सांगितली की गप्प होतात. कॉलेजात निदान वही तपासणारं कुणी तरी होतं. उद्यापासून ते नसेल, आणि यूट्यूब ते काम करणार नाही.

म्हणून एक करा. आज इथून निघण्याआधी तिघा-चौघांचा गट ठरवा. आठवड्याला एकच व्याख्यान बघा, त्यावरची गणितं सोडवा आणि रविवारी एकमेकांच्या वह्या निर्दयपणे तपासा. गावाकडे अकरावीतलं एखादं मराठी माध्यमाचं पोर इंग्रजी व्याख्यानापुढे अडलं असेल, तर त्यालाही शेजारी बसवून घ्या. पेन्सिल मात्र त्याच्या हातात द्या.