मैदान नकाशावर शोधा



वाशीमला समुद्र नाही, मोठी नदीही नाही. या गावाने पाणी जपले ते पद्मतीर्थ आणि देव तलाव यांसारख्या तळ्यांत. वाकाटकांच्या काळात हेच वत्सगुल्म होते, त्यांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात ‘बासिम’ हे एक सरकार होते. इंग्रजी अमलात तो जिल्हा झाला, 1905 मध्ये मोडला आणि 1 जुलै 1998 रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. हा इतिहास आपल्या सगळ्यांचा आहे. तसेच गावाची मोकळी जागाही सगळ्यांची आहे.

ती जागा ठरते कुठे? विकास आराखड्यात. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार नगरपरिषद आराखडा तयार करते. बाग, क्रीडांगण, शाळा, रस्ता यांची आरक्षणे त्यात दाखवलेली असतात. मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. हे 30 दिवस आपण बहुतेक वेळा चहाच्या टपरीवर घालवतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आरक्षण कायमचे नसते. आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम 127 प्रमाणे नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. म्हणजे एखादे मैदान कुणी बळकावले नाही तरी नुसत्या दिरंगाईने जाऊ शकते.

आता आपल्या मोहल्ल्यांकडे पाहू. गावाच्या कडेला गुंठ्या-गुंठ्याने प्लॉट घेऊन ज्या वस्त्या उभ्या राहिल्या, तिथे घराला घर लागून आहे आणि मोकळी जागा म्हणाल तर ईदगाह किंवा कब्रस्तान. मंजूर लेआउटमध्ये मात्र 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर किमान 10 टक्के खुली जागा सोडावीच लागते. तिथे आज झाडे आहेत, कचरा आहे की कुणाचे कुंपण आहे, हे पाहायला आपण कधी गेलो आहोत का?

मुले निदान रस्त्यावर क्रिकेट खेळतात. मुलींनी कुठे जायचे? ज्या बागेत दिवा नाही, स्वच्छतागृह नाही, तिथे आई मुलीला पाठवणार नाही. त्यामुळे बाग मागताना दिवा आणि स्वच्छतागृह हेही अर्जात लिहा.

काम अवघड नाही. चार-पाच जण मिळून नगरपरिषदेत जा, विकास आराखड्याचा नकाशा पाहा, आपल्या प्रभागातली आरक्षणे वहीत उतरवून घ्या. प्रत्यक्ष जागेवर जाऊन फोटो काढा. माहिती मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा.

आणि हा अर्ज ‘आमच्या लोकांसाठी बाग’ असा करू नका. ‘प्रभागासाठी बाग’ असा करा. शेजारच्या वस्तीतल्या मुलांच्या आईवडिलांच्या सह्या घ्या. तळ्याकाठी बसणाऱ्याला कुणी जात-धर्म विचारत नाही, मैदानातही विचारू नये. हक्क नागरिक म्हणून मागितला की सोबतीला माणसे मिळतात.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या प्रभागातल्या एका आरक्षित जागेची माहिती घेऊन यावे. सुरुवात तिथूनच करू.