पॉवर बँक फुल्ल, पंखा बंद : टेंटमधल्या एका रात्रीचा हिशोब

(आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना घाईत झालेली आकडेमोड इथे नीट लिहून दिली आहे.)



आजचा विषय ऐकून काही जण हसतील. कॅम्पिंगला गेल्यावर टेंटमध्ये छोटा पंखा बॅटरीवर रात्रभर कसा चालवायचा. बस्स, एवढाच विषय. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पॉवर बँक घ्यायची, केबल लावायची, झोपून जायचं. मीसुद्धा हेच म्हणालो होतो. बीटेक झालोय, दिवसभर हिंजवडीत बसून दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढतो. आणि माझ्या या 'त्यात काय एवढं'पायी माझे बाबा एक अख्खी रात्र पवना धरणाच्या काठावर खुर्चीत बसून होते.

आधी आमच्या घरातल्या पंख्याबद्दल सांगतो, नाहीतर ती रात्र मला का लागली ते कळणार नाही.

बाबा फिटर. आधी भोसरी एमआयडीसीत, नंतर चाकणला. तीन शिफ्ट. ज्यांच्या घरात नाइट शिफ्ट आहे त्यांना माहितीये, ती शिफ्ट सगळं घर करतं. सकाळी साडेआठला बाबा यायचे, चहा-चपाती खायचे आणि खिडकीला चादर लावून झोपायचे. बाहेर भाजीवाला, शाळेच्या रिक्षा, शेजारच्यांचा टीव्ही. हे सगळं झाकायला एकच गोष्ट, डोक्यावरचा पंखा. त्याची घरघर सुरू झाली की बाबांना झोप लागायची. घरघर थांबली की जाग.

आता पिंपरी-चिंचवडकरांना गुरुवार म्हणजे काय ते सांगायला नको. कंपन्यांना सुट्टी आणि दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचा वार. म्हणजे बुधवारची नाइट करून माणूस गुरुवारी सकाळी घरी आला की पंखा बंद. मग आई बाबांच्या उशाशी बसून खोक्याच्या पुठ्ठ्याने वारा घालायची. हात दुखला की पुठ्ठा माझ्याकडे. मी एका हाताने गणितं सोडवायचो, दुसऱ्या हाताने वारा. पुठ्ठा थांबला की बाबा डोळे न उघडता म्हणायचे, "झोप तू, राहू दे." पण झोप त्यांचीच मोडलेली असायची.

मागच्या वर्षी बाबा रिटायर झाले. मी म्हटलं, चला, पवनाला टेंटमध्ये राहू. ज्या धरणाचं पाणी रावेतला उचलून, निगडीला शुद्ध होऊन आपल्या नळाला येतं, ते धरण बाबांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. बाबा म्हणाले, "तिथे पंखा नसेल ना रे?" मी म्हटलं, "बाबा, ती जबाबदारी माझी."

एप्रिलचा शेवट. कामशेतवरून पवनानगरला उतरलो. समोर तुंग, मागे तिकोना, मस्त संध्याकाळ. साडेदहाला आई-बाबांच्या टेंटमध्ये पंखा लावला. घरून फुल्ल चार्ज करून आणलेला, स्वतःची बॅटरी असलेला पंखा. त्याला वर २०,००० एमएएचची पॉवर बँक जोडली. डबल सोय! आणि मी मित्रासोबत दुसऱ्या टेंटमध्ये जाऊन ढाराढूर.

सकाळी सहाला उठलो तर बाबा पाण्याकडे तोंड करून खुर्चीत. मी विचारलं, "लवकर उठलात?" म्हणाले, "हो. तारे छान दिसत होते." परत येताना गाडीत आईने सांगितलं. पंखा एकच्या सुमाराला बंद पडला. आत घुसमट, चेन उघडली तर डास. बाबा बाहेर जाऊन बसले. तिने मला उठवते म्हटलं, तर म्हणाले, "त्याला झोपू दे, आठवडाभर काम करतो."

आता लोचा काय झाला ते ऐका. मी पॉवर बँक तपासली, तर चारच्या चारही दिवे चालू. म्हणजे अख्खी रात्र वीज बाबांच्या उशाशी पडून होती आणि पंखा बंद होता.

कारण असं. पॉवर बँक मोबाईलसाठी बनलेली असते. मोबाईल भरत आला की तो करंट कमी कमी घेतो. मग पॉवर बँकेला वाटतं, काम झालं, आणि ती आपोआप बंद होते. माझा पंखा घरूनच फुल्ल भरलेला. त्यामुळे त्याने पॉवर बँकेकडे जवळजवळ काही मागितलंच नाही. ती थोड्याच वेळात झोपली. पंखा आपल्या आतल्या बॅटरीवर अडीच तास चालला आणि संपला. आणि एकदा झोपलेली अशी पॉवर बँक बटण दाबल्याशिवाय किंवा केबल काढून घातल्याशिवाय बऱ्याचदा उठत नाही. पॉवर बँक बिघडली नव्हती, पंखाही नाही. दोन्ही आपापल्या नियमाने वागले, मी ते नियम वाचले नव्हते.

यावर उपाय साधे आहेत. पहिला, रात्रभरासाठी स्वतःची बॅटरी नसलेला, थेट यूएसबीवर चालणारा पंखा घ्या. तो सतत करंट ओढतो, त्यामुळे पॉवर बँक जागी राहते. दुसरा, बऱ्याच पॉवर बँकांमध्ये इअरबड आणि घड्याळासाठी कमी करंटचा मोड असतो. बहुतेक वेळा बटण दोनदा दाबून तो सुरू होतो. पण काहींमध्ये तो ठराविक वेळाने बंदही होतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर रात्र काढायची तर आधी घरी तपासा. तिसरा, बॅटरीवाला पंखाच असेल तर आधी त्याची बॅटरी संपू द्या, मग पॉवर बँक जोडा. पण त्यासाठी कुणीतरी जागं पाहिजे, आणि इथे झोपायचंच तर सगळं चाललंय.

आता हिशोब. वही काढू नका, सोपा आहे.

पॉवर बँकेवर जे २०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या सेलचं, म्हणजे साधारण ३.७ व्होल्टवरचं. पंख्याला ५ व्होल्ट लागतात. म्हणून एमएएच विसरा, वॉट-अवर बघा. २० अँपिअर-अवर गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४ वॉट-अवर. व्होल्टेज वाढवताना काही वीज उष्णता होऊन जाते. हातात साधारण ६० राहतात. पॉवर बँकेच्या मागे बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून जो लहान आकडा असतो ना, तो याच कारणाने लहान असतो.

६० वॉट-अवर म्हणजे किती? महावितरणच्या बिलातलं एक युनिट म्हणजे १,००० वॉट-अवर. म्हणजे तुमच्या एवढ्या जड पॉवर बँकेत युनिटचा दहावा भागसुद्धा नाही. घरातला जुना ७५ वॉटचा छताचा पंखा यावर पाऊण तास चालेल. बीएलडीसी मोटरचा २८ वॉटचा पंखा दोन तास. आपल्या चाकणमध्येच ॲटमबर्गचा असे पंखे बनवणारा कारखाना आहे. आणि ३ वॉटचा छोटा यूएसबी पंखा? वीस तास.

म्हणजे एका रात्रीला वीज भरपूर आहे. ती संपवतो कोण? आपणच. मोबाईलची ५,००० एमएएचची बॅटरी शून्यावरून भरायला नुकसान धरून वीस-पंचवीस वॉट-अवर जातात. दोन मोबाईल लावले की पॉवर बँक जवळजवळ रिकामी. मग पंख्याला दोष द्यायचा! त्यामुळे पंख्याची पॉवर बँक वेगळी ठेवा आणि तिला कुणी हात लावायचा नाही असं आधीच ठरवा.

दुसरी गंमत स्पीडची. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा ढकलायला लागणारी शक्ती निम्मी होत नाही, आठवा हिस्सा होते. मोटर आणि सर्किटचा स्वतःचा खर्च असतो, त्यामुळे प्रत्यक्षात बचत इतकी दिसत नाही. तरी मी यूएसबी मीटर लावून बघितलं. माझा पंखा फुल्ल स्पीडला ४.५ वॉट, मधल्या स्पीडला २.६ आणि सगळ्यात कमी स्पीडला १.३ वॉट घेतो. मधल्या स्पीडवर आठ तास म्हणजे साधारण २१ वॉट-अवर. १०,००० एमएएचची लहान पॉवर बँकसुद्धा याला पुरते, कारण तिच्यातून तीसेक वॉट-अवर मिळतात. हे यूएसबी मीटर काही शे रुपयांत मिळतं, एकदा घेऊन ठेवा.

काही जण म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, बाईकची बॅटरी नि इन्व्हर्टर नेऊ. यात १२ व्होल्टचे २३० होणार, मग चार्जरमध्ये २३० चे परत ५. दोन्हीकडे नुकसान. शिवाय छोटा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी काही वॉट खातो, म्हणजे पंख्यापेक्षा त्याचंच जेवण मोठं. आणि सकाळी बाईक सुरू झाली नाही तर ढकलत कामशेत.

आता पंखा ठेवायचा कुठे? पंखा हवा थंड करत नाही. तो आपल्या अंगाभोवतीची कोमट, दमट हवा हलवतो, त्यामुळे घाम सुकतो आणि गार वाटतं. झोपलेला माणूस साधारण ७०-८० वॉट उष्णता बाहेर टाकतो. टेंटमध्ये दोघं म्हणजे दीडशे वॉट, वर श्वासातली वाफ. चारी बाजू बंद करून आत पंखा लावला तर तीच शिळी हवा गरगर फिरते. म्हणून पाण्याच्या किंवा वाऱ्याच्या बाजूची जाळी खालून उघडी ठेवा आणि पंखा तिच्याजवळ, आतल्या दिशेने तोंड करून. टेंटची वरची खिडकी उघडी. गार हवा खालून येते, गरम हवा वरून जाते. पाऊस नसेल तर टेंटवरचं बाहेरचं कापड एका बाजूने गुंडाळून ठेवा.

आणि दोन-तीन गोष्टी गंमत न करता सांगतो. पॉवर बँक उशीखाली किंवा पांघरुणात ठेवू नका, तिची उष्णता बाहेर जाऊ द्या. उन्हात बंद गाडीत सोडू नका. फुगलेली दिसली तर वापर बंद, आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या. घेताना बीआयएसचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. आणि थंडीत असो की पावसात, टेंटच्या आत शेगडी, कोळसा, पेट्रोलचा जनरेटर अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

बरं, बाबांचं पुढे काय झालं?

मी हे सगळं शोधून काढलं आणि मोठ्या उत्साहाने त्यांना समजावलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ट्रायल घेतली होतीस का?" मी गप्प. म्हणाले, "आम्ही नवीन जॉब ट्रायलशिवाय लाइनला लावत नव्हतो." तेहतीस वर्षं मशीन दुरुस्त केलेला माणूस. एका वाक्यात माझ्या बीटेकची फाइल बंद! (हसतो)

मग घरीच ट्रायल. गुरुवारचीच रात्र धरली. बेडरूमचा छताचा पंखा बंद, उशाशी यूएसबी पंखा आणि पॉवर बँक. बाबांनी जुन्या डायरीत शिफ्टच्या लॉगबुकसारखी नोंद केली : '१०.४० चालू. मधला स्पीड.' मधे एक नोंद, '३.१५ चालू.' पाणी प्यायला उठले होते. आणि खाली, '६.१० चालू. दिवे २ शिल्लक.' त्याखाली सही. मी विचारलं, "सही कशाला?" म्हणाले, "जॉब पास."

मे संपायच्या आत परत पवनाला गेलो. तीच जागा. या वेळी पंखा बाबांनी स्वतः लावला, जाळीजवळ, खाली दगडाचा टेकू देऊन. रात्री दोनला मला जाग आली. खरं सांगायचं तर मी गजर लावून ठेवला होता. चप्पल न घालता त्यांच्या टेंटपाशी गेलो. आतून पंख्याची बारीक घरघर येत होती आणि तिच्यावर बाबांचं घोरणं. लहानपणी पुठ्ठा हलवताना हाच आवाज ऐकायची वाट बघायचो. थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, मग येऊन झोपलो.

तर मंडळी, या आठवड्यात कुठे निघायचा प्लॅन असेल तर सामान भरायच्या आधी एक रात्र घरीच ट्रायल घ्या. पंखा, पॉवर बँक, केबल, सगळं तेच जे नेणार आहात. आणि सोबत आई-बाबा असतील तर तुमचा टेंट त्यांच्या शेजारी लावा, हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर. अर्थात ते हाक मारणार नाहीत, म्हणून दोनचा गजर लावा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत नीट झोपा!