खेळ, भांडवल आणि लोकाश्रय



२०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात 'टाटा ओपन महाराष्ट्र' या टेनिस स्पर्धेचा अंतिम सामना झाला. हॉलंडच्या टॅलन ग्रीक्सपूरने विजेतेपद मिळविले. टाळ्यांचा गजर झाला, प्रेक्षक घरोघरी परतले. पुढच्या वर्षी, २०२४ च्या जागतिक वेळापत्रकात त्या आठवड्यापुढे पुण्याऐवजी हाँगकाँगचे नाव होते. महाराष्ट्राला लाभलेली एटीपी २५० दर्जाची स्पर्धा पाच वेळा भरली आणि निघून गेली.

पुण्यातील स्पर्धेचा विचार अमरावती-अकोल्यात कशासाठी करायचा, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. आता लहान गावांतील स्पर्धांच्या कमानींवरही खेळाडूंच्या नावांपेक्षा प्रायोजकांची नावे मोठ्या अक्षरांत झळकतात. तेव्हा उद्योगाच्या पैशातून खेळ कसा उभा राहतो आणि तो पैसा गेल्यावर मागे काय उरते, हे वऱ्हाडनेही समजून घेतले पाहिजे.

प्रथम या स्पर्धेची वाटचाल पाहू. १९९६ मध्ये ती दिल्लीत सुरू झाली आणि १९९७ मध्ये चेन्नईला गेली. तेथे तिच्या नावापुढे 'गोल्ड फ्लेक' ही सिगारेटची मुद्रा लागली. ज्या व्यसनाने खेळाडूचा दम उखडतो, त्याच व्यसनाच्या जाहिरातीवर खेळ पोसला जात होता. पुढे २००३ च्या कायद्याने तंबाखू उत्पादनांच्या अशा जाहिरातींना आणि प्रायोजनाला बंदी झाली. तत्पूर्वीच, २००२ मध्ये, तेथे टाटांचे नाव आले होते. २०१० पासून 'एअरसेल' या दूरध्वनी कंपनीचे नाव लागले. ती कंपनीच २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याच वर्षी स्पर्धा पुण्यात आली आणि पुन्हा टाटांचे नाव धारण करती झाली.

या नामांतरांमागचे गणित सरळ आहे. अशी स्पर्धा एखाद्या गावाची नसते. जागतिक संघटनेच्या वेळापत्रकातील एक आठवडा आणि त्या आठवड्यात स्पर्धा भरविण्याचा हक्क, ही एक मालमत्ता असते. पुण्याच्या स्पर्धेची मालकी आयएमजी या आंतरराष्ट्रीय कंपनीकडे होती; आयोजन महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेचे आणि पाठबळ राज्य शासनाचे होते. मैदान महाराष्ट्राचे, प्रेक्षक महाराष्ट्राचे, परंतु हक्क मात्र दुसऱ्याचा. भाडेकरूने घर कितीही सजविले, तरी करार संपला की किल्ली परत द्यावी लागते.

याचा अर्थ ही पाच वर्षे वाया गेली, असा मुळीच नाही. अशा स्पर्धेत यजमानांना काही खेळाडूंना थेट प्रवेश देण्याचा अधिकार असतो. त्याच अधिकारामुळे २०२३ मध्ये पुण्याचा मानस धामणे हा अवघा पंधरा वर्षांचा मुलगा मुख्य फेरीत खेळू शकला. तो पहिल्याच सामन्यात हरला. परंतु त्या वयात त्या दर्जाच्या खेळाडूसमोर उभे राहण्याची संधी एरवी परदेशी जाऊनही सहजासहजी मिळत नाही. २०१९ मध्ये रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी, तर २०२२ मध्ये बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी दुहेरीचे विजेतेपद आपल्याच प्रेक्षकांसमोर जिंकले. उद्योगाच्या पैशाने हे घडले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

उद्योगपतींचा खेळाशी संबंध जाहिरातीच्या युगातच जडला, असेही नाही. पुण्यातील डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी साधी माणसे पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय खेळाडू पाठविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. स्वतःच्या खिशातूनही त्यांनी साहाय्य केले. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच होते. त्या खेळाडूंच्या छातीवर कोणत्याही मालाचे नाव नव्हते.

आणि या टाटांच्या वैभवाशी वऱ्हाडचाही संबंध आहे. दोराबजींचे वडील जमशेटजी यांनी १ जानेवारी १८७७ रोजी 'एम्प्रेस मिल' सुरू केली, ती मुंबईत नव्हे, नागपुरात. कापूस पिकविणारा मुलूख जवळ असावा, हा त्यामागील हेतू होता. विदर्भ-वऱ्हाडच्या काळ्या मातीतील पांढऱ्या सोन्याने त्या उद्योगसमूहाचा पाया भक्कम केला. म्हणजे ज्या भांडवलाने पुढे खेळाला आश्रय दिला, त्यात येथील शेतकऱ्याचा घामही मिसळलेला आहे. त्या घामाचे ऋण खेळाच्या रूपाने या मातीकडे कितीसे परत आले, हा प्रश्न विचारण्याचा वऱ्हाडला अधिकार आहे.

परंतु केवळ प्रश्न विचारून थांबणे हा अमरावतीचा स्वभाव नाही. १९१४ मध्ये याच शहरात वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. त्या वेळी प्रायोजक हा शब्दही रूढ नव्हता. आखाड्याची माती, मल्लखांब आणि तरुणांचा उत्साह एवढ्या सामग्रीवर काम सुरू झाले. १९३६ मध्ये या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. त्यानंतर महायुद्ध झाले, देश स्वतंत्र झाला, राज्ये बदलली, पिढ्या सरल्या. मंडळ मात्र आजही उभे आहे आणि शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवीत आहे.

दोन्ही चित्रे शेजारी ठेवली म्हणजे भेद स्पष्ट होतो. एका बाजूला कोट्यवधींचा आठवडा आणि पाच वर्षांचे आयुष्य. दुसऱ्या बाजूला शतक उलटून गेलेली संस्था. प्रायोजकाचा पैसा प्रेक्षकांच्या डोळ्यांसाठी खर्च होतो, कारण त्याला त्या डोळ्यांपर्यंत आपले नाव न्यायचे असते. व्यापाराच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. लोकाश्रयाचा पैसा खेळाडूच्या शरीरावर आणि शिक्षकाच्या विद्येवर खर्च होतो. म्हणून त्याचे फळ उशिरा येते आणि दीर्घकाळ टिकते. स्पर्धा पिकासारखी असते, संस्था जमिनीसारखी. पीक हंगामापुरते, जमीन राखली तर पुढचा पेरा होतो.

म्हणून अकोल्याच्या जिनिंग-प्रेसिंगवाल्यांनी, डाळमिलवाल्यांनी, अमरावतीच्या पेढीवाल्यांनी आणि सहकारी संस्थांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. एका दिवसाच्या कमानीवर जेवढा खर्च होतो, त्यातून गावातील एखाद्या मुलीला वर्षभराचे बूट मिळू शकतात. टेनिस खेळणाऱ्या मुलाला क्रमवारीचे गुण मिळविण्यासाठी गावोगावच्या स्पर्धांना जावे लागते. अनेकदा त्याचा खेळ अडतो तो रेल्वेच्या भाड्यापाशी. एका प्रशिक्षकाचे वेतन पाच वर्षांसाठी एका पेढीने उचलले, तर त्या पेढीचे नाव फलकावर नसले तरी पन्नास घरांत आदराने घेतले जाईल.

आणि उद्या एखादी मोठी स्पर्धा वऱ्हाडच्या दाराशी आलीच, तर तिचे स्वागत अवश्य करावे. मात्र करारावर सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे की, स्थानिक खेळाडूंना प्रवेश किती, मैदान वर्षभर मुलांना खुले राहील काय आणि मंडप उतरल्यावर प्रशिक्षक येथे थांबेल काय. या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली, तर पाहुणा परत गेला तरी घर रिकामे होणार नाही. वैद्य बंधूंच्या अमरावतीला हा व्यवहार अवघड वाटण्याचे काहीच कारण नाही.