जागतिक नागरिक म्हणजे कोण?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



पत्रिकेत माझ्या विषयाला ‘जागतिक नागरिकत्व’ असं भारदस्त नाव दिलंय. मी आपली साध्या नागरिकत्वापासून सुरुवात करते, कारण बाईच्या बाबतीत तेही साधं नव्हतं. १९५५च्या आपल्या नागरिकत्व कायद्यात, परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय ठरवायचं तर बाप भारतीय लागे. आई भारतीय असून भागत नसे. हे बदललं १९९२ साली! कुवेत, कतार धरून वीसहून अधिक देशांत आजही आईला हा हक्क बापाच्या बरोबरीने नाही.

शाळेत नागरिकशास्त्र म्हणजे थोड्या मार्कांचा विषय. आमसभा, सुरक्षा परिषद, नकाराधिकार असं पाठ करायचं नि सोडून द्यायचं. त्यात हंसाबेन मेहता भेटल्या असत्या तर? १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं पहिलं कलम आधी ‘ऑल मेन’ असं सुरू होत होतं. अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांना त्यात सगळेच आले असं वाटे. हंसाबेन भारताच्या प्रतिनिधी. त्यांनी हट्ट धरला, की काही देश याचा अर्थ फक्त पुरुष असाच लावतील. अखेर ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ झालं.

शब्दांनी काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी विशाखा खटला सांगते. बालविवाह थांबवायला गेलेल्या राजस्थानातल्या साथिनीवर १९९२ साली सामूहिक बलात्कार झाला. कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध आपल्याकडे वेगळा कायदाच नव्हता. बायकांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९९७ साली न्यायालयाने १९७९च्या ‘सीडॉ’ कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले. त्यावरचा कायदा यायला २०१३ उजाडलं, ते सोडा.

पण याच करारावर १९९३ साली शिक्कामोर्तब करताना सरकारने एक पाचर मारून ठेवलीय. कुठल्याही समाजाच्या खाजगी बाबींत, त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय, ढवळाढवळ करणार नाही म्हणे. लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा सगळं त्यात आलं. समाजाचा पुढाकार म्हणजे नेमका कुणाचा? जातपंचायतीत बसणाऱ्यांचा?

जेवणानंतर गटांत बसू. कराराची ५, ९ आणि १६ ही कलमं मोठ्याने वाचा, आणि प्रत्येकीने आपल्या वस्तीतली एक केस त्यांच्याशी लावून पाहा.